मोबाइल ॲपला हातातील बारकोड स्कॅनर जोडताना : कीबोर्ड-पद्धत पुरेशी आहे का?

पंचगंगा

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातील औषधांच्या एका घाऊक विक्रेत्यासाठी मी गेले आठ महिने मालाच्या आवक-जावकीचे ॲप लिहितो आहे. ते फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप लिहिण्याच्या साधनात) आहे आणि तूर्त फक्त अँड्रॉइडवर चालते. आतापर्यंत खोक्यांवरचे बारकोड आम्ही फोनच्या कॅमेऱ्याने वाचत होतो. पण दिवसाला चार-पाचशे खोकी उघडली जातात अशा गोडाऊनमध्ये ते काम फार रेंगाळते, म्हणून मालकांनी गेल्या महिन्यात पिस्तुलाच्या आकाराचे दोन ब्लूटूथ स्कॅनर आणले. फोन त्यांना कीबोर्ड समजतो आणि वाचलेला आकडा, कोणीतरी टंकल्यासारखा, चौकटीत उमटतो. पहिल्या दिवशी वाटले की आपल्याला काही करावेच लागणार नाही.

तीन अडचणी आल्या. कधीकधी १३ आकड्यांपैकी एखादा गळतो. स्कॅनर जोडलेला असला की पडद्यावरचा कीबोर्ड येतच नाही, त्यामुळे नगांची संख्या हाताने भरता येत नाही. तिसरी अडचण मंगळवारी समोर आली, आणि तिच्यामुळेच हा धागा काढला. गोडाऊनमधल्या मुलाचे बोट चुकून ‘नग’ या चौकटीवर पडले होते. त्याने पुढचे खोके वाचले आणि तेरा आकडी बारकोड नगांच्या जागी जाऊन बसला. ॲपने तो निमूटपणे स्वीकारला.

आता ही कीबोर्ड-पद्धतच नीट करून घ्यावी, की स्कॅनरशी ॲपने थेट बोलावे, की स्कॅनर अंगचाच असलेली हातातील यंत्रे घ्यायला मालकांना सांगावे? अनुभवी लोकांनी कृपया लिहावे.

रानवाटा

माझे मत सरळ आहे. चांगला कॅमेरा असलेला फोन आणि कॅमेऱ्यातून बारकोड ओळखणारे गूगलचे एमएल किट एवढ्यावर भागते. आमच्या किराणा दुकानाच्या ॲपमध्ये दोन वर्षे हेच चालू आहे. वेगळे यंत्र आणले की त्याचे चार्जिंग आले, जोडणी आली आणि ते हरवण्याची काळजीही आली.

पंचगंगा

रानवाटा, दुकानाच्या काउंटरवर ते चालत असेल. आमच्याकडे मुलगा एका हाताने खोके फिरवतो आणि दुसऱ्या हाताने वाचतो. कॅमेऱ्यासाठी फोन स्थिर धरावा लागतो, फोकस जुळण्याची वाट पाहावी लागते आणि औषधाच्या पट्टीचा चमकता कागद दिव्याखाली असा झळकतो की मधल्या रेघा दिसेनाशा होतात. दुपारपर्यंत फोन तापतो आणि बॅटरी संपते, ते वेगळेच.

नीलमोहर

मी अशी जोडणी तीन ॲपमध्ये केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमचे स्कॅनर ज्या पद्धतीने चालतात तिला एचआयडी म्हणतात. तिच्यात स्कॅनर फोनला ‘हा बारकोड आहे’ असे सांगतच नाही. अमुक कळ दाबली, तमुक कळ सोडली, एवढेच तो कळवतो. तुमच्या तिन्ही अडचणी या एकाच गोष्टीतून निघतात. माणूस टंकतो आहे की स्कॅनर, हे ॲपला ठाऊक नसते, आणि जी चौकट फोकसमध्ये असेल तिच्यात मजकूर जातो.

पहिला उपाय असा, की स्कॅनसाठी चौकटीवर विसंबू नये. स्कॅनच्या पडद्यावर मजकुराची एकही चौकट फोकसमध्ये ठेवू नका. फ्लटरमधील हार्डवेअरकीबोर्ड या वर्गातून कळांच्या घटना थेट ऐका, त्या एका तात्पुरत्या साठ्यात गोळा करा आणि शेवटी एंटर आला की साठा उचला. स्कॅनरच्या पुस्तिकेत आकड्याच्या आधी एखादे चिन्ह जोडण्याची सोय असते, ती चालू केली की सुरुवातही ओळखता येते. दोन कळांमधील वेळ मोजून माणूस आणि स्कॅनर वेगळे ओळखण्याची युक्ती बरेच जण वापरतात, पण ब्लूटूथवर कळा कधी झुंडीने येतात तर कधी अडखळत, म्हणून केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आकडे गळण्याचे कारण बहुधा वेग हे आहे. स्कॅनर कळा भराभर पाठवतो आणि फोन मागे पडतो. पुस्तिकेत ‘दोन अक्षरांमधील विलंब’ वाढवण्याचे बारकोड असतील. ते स्कॅनरनेच वाचले की त्याचे सेटिंग बदलते; तसा विलंब थोडा थोडा वाढवत जा.

त्याच्या जोडीला तपास-अंक (बाकीच्या अंकांवरून काढलेला, चूक पकडण्यासाठीचा शेवटचा अंक) पडताळल्याशिवाय कोणताही आकडा स्वीकारू नका. ८९०१२३४५६७८९० हा आकडा घ्या. शेवटचा अंक सोडून डावीकडून विषम जागांवरचे अंक मिळवले तर ८+०+२+४+६+८ म्हणजे २८ होतात. सम जागांवरच्या ९+१+३+५+७+९ या ३४ ला ३ ने गुणले की १०२. बेरीज १३०, ती दहाने पूर्ण भागली जाते, म्हणून तपास-अंक ० बरोबर आहे. एक धोका मात्र ध्यानात ठेवा. एक अंक गळाला की १२ अंक उरतात, आणि आयात मालावरचा यूपीसी-ए बारकोड १२ अंकांचाच असतो. ॲप दोन्ही प्रकार स्वीकारत असेल तर गळके आकडे तपास-अंकावर बहुतेक वेळा अडतील, पण सरासरी दहांतला एखादा निसटेल. त्यामुळे विलंब वाढवणे टाळता येणार नाही.

पडद्यावरच्या कीबोर्डासाठी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये, बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असतानाही पडद्यावरचा दाखवण्याचा पर्याय असतो. नगांसाठी ॲपमध्येच मोठ्या अंकांची पाटी काढलीत तर तेवढेही करावे लागणार नाही, आणि हातमोजे घातलेल्या माणसालाही ती सोयीची पडते.

सह्यकडा

नीलमोहर यांच्याशी सहमत. एक भर घालतो. बारकोड नेहमी मजकूर म्हणूनच साठवावा, संख्या म्हणून नव्हे. नाहीतर सुरुवातीचे शून्य उडते आणि मग जुळणी होत नाही.

गोदाकाठ

मी संगणकाच्या क्षेत्रातला नाही. नाशिकजवळच्या एका गोदामात २२ वर्षे स्टोअरकीपर होतो, आता निवृत्त आहे. हा विषय वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे असेच ॲप आले होते. गोदाम पत्र्याचे असल्यामुळे आतल्या गाळ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसे. एके दिवशी दोन हमालांनी संध्याकाळपर्यंत एक गाडी उतरवली आणि प्रत्येक खोक्यावर स्कॅनर धरून, ‘टीं’ असा आवाज आल्याची खात्री करून खोके रॅकवर लावले. रात्री हिशेब जुळवला तेव्हा ३८ खोकी कमी भरली. त्या दोघांच्या पिशव्या फाटकावर उघडून पाहिल्या गेल्या. सगळ्यांसमोर. मी तिथे उभा होतो आणि मला थांबवता आले नाही.

तिसऱ्या दिवशी रॅक हाताने मोजले, तर खोकी सगळी जागेवर होती. झाले होते असे, की रेंज गेल्यावर ॲपने ‘नोंद झाली नाही’ अशी पाटी दाखवली होती. पण फोन खिशात आणि स्कॅनर हातात, तर पाटी पाहणार कोण? पुढचे खोके वाचले की स्कॅनर शेवटी एंटर पाठवायचा आणि त्या एंटरने पाटीवरचे ‘ठीक आहे’ दाबले जायचे. पाटी गेली, खोक्याची नोंदही गेली, आणि ‘टीं’ मात्र प्रत्येक वेळी वाजत राहिले.

त्या दोघांपैकी एक जण पुन्हा कामावर आला नाही. त्याला कोणी चोर ठरवले नव्हते हे खरे, पण पिशवी उघडायला लावली होती. तुम्ही ॲप लिहिणाऱ्यांनी एवढे करा : तो आवाज कशाचा आहे हे आधी ठरवा. काम करणारा माणूस आवाजावर विश्वास ठेवतो, पडद्यावर नाही.

नीलमोहर

गोदाकाठ काका, तुम्ही लिहिलेत ते माझ्या लांबलचक प्रतिसादापेक्षा महत्त्वाचे आहे. स्कॅनरचा आवाज एवढेच सांगतो की रेघा वाचता आल्या. तो आकडा फोनपर्यंत पोहोचला का, यादीत सापडला का, नोंदला गेला का, यांतले काहीही त्या आवाजात नसते. एचआयडी पद्धतीत कळा फोनकडे जातात, पण फोनवरच्या ॲपला स्कॅनरकडे काही परत पाठवण्याची सोय सहसा नसते. म्हणून स्कॅनरचा आवाज पुस्तिकेतील बारकोडने बंद करावा किंवा अगदी मंद ठेवावा, आणि नोंद झाल्यावर ॲपने फोनमधून स्वतःचा आवाज द्यावा. नोंद झाली नाही तर अगदी वेगळा, लांब आणि खरखरीत आवाज द्यावा व फोन थरथरवावा. चुकीची पाटी बोटानेच बंद व्हायला हवी. ती उघडी असेपर्यंत एंटर आणि येणारे सगळे स्कॅन ॲपने नाकारावेत, आणि नाकारताना पुन्हा तोच खरखरीत आवाज द्यावा.

पंचगंगा

काका, आत्ता माझे ॲप उघडून पाहिले. सर्व्हरकडून उत्तर आले नाही की मीही ‘ठीक आहे’ असे बटण असलेली पाटीच दाखवतो, आणि स्कॅनरच्या एंटरने ती बंद होते. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा झाली. आज रात्रीच बदलतो.

रानवाटा

कॅमेऱ्याबद्दल मी घाईने लिहिले, एवढे मान्य करतो. रेंज नसण्यावर उपाय मात्र स्कॅनरशी संबंधित नाही. प्रत्येक स्कॅन आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहावा, त्याला तिथेच एक अनन्य ओळख-क्रमांक द्यावा आणि रेंज आली की सर्व्हरकडे पाठवावा. तीच नोंद दोनदा पोहोचली तरी ओळख-क्रमांकामुळे सर्व्हर ती एकदाच धरेल. मग ‘नोंद झाली’ याचा अर्थ ‘फोनमध्ये पक्की लिहिली गेली’ असा होतो, आणि तो आवाज पत्र्याच्या गोदामातही खरा ठरतो.

अबोली

मी औषधनिर्माता आहे आणि माझे स्वतःचे दुकान आहे. धागाकर्त्यांनी ‘तेरा आकडी बारकोड’ म्हटले, त्याबद्दल विचारायचे आहे. तेवढ्या आकड्यातून वस्तू कोणती हे कळते. बॅच आणि एक्स्पायरी कळत नाही. औषधांच्या धंद्यात या दोन गोष्टी नसतील तर आवक अर्धीच झाली. ते तुम्ही हाताने भरता का? पट्टीच्या कडेला दाबून उठवलेली तारीख संध्याकाळी पाचनंतर माझ्या डोळ्यांना दिसत नाही, तुमच्या मुलांना किती दिसत असेल?

केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नामांकित औषध-ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. त्यात उत्पादनाचा ओळख-क्रमांक, औषधाचे मूळ नाव, ब्रँडचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी आणि उत्पादन-परवाना क्रमांक असावा लागतो. मात्र माझ्या हाताखालून गेलेल्या पट्ट्यांवर हे सगळे एकसारख्या मांडणीत आढळले नाही. काहींत साधा मजकूर निघतो, काहींत संकेतस्थळाचा दुवा. तेव्हा क्यूआर वाचला म्हणजे बॅच मिळालीच असे धरून चालू नका.

पंचगंगा

अबोलीताई, सध्या हातानेच भरतो आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. काही कंपन्यांच्या खोक्यांवर लहान चौकोनी ठिपक्यांचा कोड असतो. आमच्या दोन स्कॅनरपैकी एक तो वाचतो, दुसरा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

सह्यकडा

दुसरा लेसरचा असणार. लेसर एका रेषेत फिरतो, त्यामुळे त्याला फक्त उभ्या रेघांचे बारकोड वाचता येतात. ठिपक्यांच्या कोडसाठी आतमध्ये चित्र टिपणारा स्कॅनरच हवा. पुढच्या खरेदीत हे डब्यावर वाचून घ्या. शिवाय अनेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो आणि लाल शाईत छापलेल्या रेघा त्याला पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात. तशा खोक्यावर तास घालवून आम्ही यंत्राला दोष देत बसलो होतो.

नीलमोहर

तो ठिपक्यांचा कोड म्हणजे डेटा मॅट्रिक्स. औषधांवर तो जीएस१ (बारकोडची प्रमाणके ठरवणारी संस्था) च्या मांडणीत असेल तर बॅच आणि एक्स्पायरी त्यात मिळते, पण कीबोर्ड-पद्धतीतली सर्वांत फसवी अडचण इथेच दडलेली आहे.

या मांडणीत प्रत्येक माहितीच्या आधी तिची ओळख सांगणारे अंक येतात : ०१ नंतर वस्तूचा १४ अंकी क्रमांक, १७ नंतर सहा अंकी एक्स्पायरी, १० नंतर बॅच, २१ नंतर अनुक्रमांक. समजा कोडमधून हे निघाले :

०१०८९०१२३४५६७८९०१७२७०६००१०एके२१७३५

पहिले दोन तुकडे ठरावीक लांबीचे आहेत, ते सहज सुटतात. एक्स्पायरी २७०६०० म्हणजे वर्ष २०२७, महिना जून आणि दिवस ००. दिवसाच्या जागी ०० असेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. पण १० नंतर काय? बॅच ‘एके२१७३५’ आहे, की बॅच ‘एके’ असून २१ ही पुढची खूण आहे आणि अनुक्रमांक ७३५ आहे? बॅचची लांबी ठरलेली नसते, म्हणून ती कुठे संपते हे सांगायला कोडमध्ये एक विभाजक असतो, एएससीआयआय या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील २९ क्रमांकाचे, पडद्यावर न दिसणारे नियंत्रण-चिन्ह. त्या चिन्हासाठी कीबोर्डावर कळच नाही. त्यामुळे एचआयडीत बरेच स्कॅनर ते गाळून टाकतात. पडद्यावर सगळे अगदी बरोबर दिसते आणि बॅच मात्र चुकीची नोंदली जाते.

स्कॅनरमध्ये त्या विभाजकाच्या जागी दुसरे एखादे चिन्ह पाठवण्याची सोय असेल तर ती चालू करा. शिवाय कोडचा प्रकार सांगणारी तीन अक्षरी खूण आधी पाठवण्याचीही सोय असते. जीएस१ डेटा मॅट्रिक्ससाठी ती उजवा चौकोनी कंस, लहान डी आणि २ अशी येते. ती आली तरच जीएस१ म्हणून तुकडे पाडा. अबोली यांनी सांगितलेले साधे क्यूआर त्यामुळे आपोआप वेगळे पडतील.

अबोली

बॅच चुकली तर काय होते तेही लिहून ठेवते. एखादी बॅच कंपनीने परत मागवली की आम्ही घाऊक विक्रेत्याच्या बिलावरून आपल्याकडचा माल शोधतो. बिलावर बॅच चुकीची असेल तर ती पट्टी फडताळातच राहते आणि पुढे कोणाच्यातरी घरी जाते.

नेकारकाठ

जर्मनीत श्टुटगार्टजवळ एका गोदामाच्या प्रणालीवर काम करतो. नीलमोहर यांनी कळांचे जे सांगितले त्याचा आणखी एक परिणाम आम्ही भोगला आहे. स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कळेची जागा पाठवतो. त्या जागेवर कोणते अक्षर आहे हे समोरचे यंत्र ठरवते. जर्मन कीबोर्डावर वाय आणि झेड यांच्या जागा इंग्रजीच्या उलट आहेत. आमच्याकडे ‘वाय-१४’ हा रॅक वाचला की झेड उमटायचा आणि जोडरेघेच्या जागी जर्मन ‘एसत्सेट’ हे अक्षर यायचे. कोणीतरी ‘एसत्सेट’ची जोडरेघ करून घेण्याचा तोडगा काढला आणि तिथेच घोटाळा पक्का झाला, कारण झेड-१४ हाही रॅक खरोखर होता.

आपल्याकडे हे नेमके कार्यालयातल्या संगणकावर घडेल. पत्र लिहिताना इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्ड-मांडणी चालू केली आणि तशीच राहिली, की नीलमोहर यांच्या उदाहरणातली ‘एके’ ही मोठी इंग्रजी अक्षरे ‘ओख’ अशी उमटतील, कारण शिफ्टसह त्या दोन कळांवर ओ आणि ख आहेत.

सह्यकडा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. स्कॅनर अंगचाच असलेली झेब्रा किंवा हनीवेलची अँड्रॉइड यंत्रे आम्ही वापरतो. त्यांत कळांचा प्रश्नच येत नाही. झेब्राच्या यंत्रात डेटावेज नावाची सेवा असते. आपल्या ॲपसाठी त्यात एक प्रोफाइल करायचे, म्हणजे वाचलेला मजकूर, कोडच्या प्रकारासह, इंटेंटद्वारे, म्हणजे अँड्रॉइडमधील ॲप-ॲपमधल्या निरोपाने, थेट ॲपकडे येतो. विभाजक गळत नाही, फोकस लागत नाही. एक ठेच मात्र लागेल. ॲप अँड्रॉइड १४ साठी बांधले असेल तर रिसीव्हर (असे निरोप ऐकणारा ॲपचा भाग) नोंदवताना तो बाहेरच्या ॲपसाठी खुला आहे की नाही हे सांगावेच लागते. डेटावेज आपल्या ॲपच्या बाहेरचे आहे, म्हणून खुला ठेवावा लागतो. नाहीतर स्कॅन होतो आणि ॲपला काही कळतच नाही.

पण दोन माणसांच्या गोडाऊनसाठी ही यंत्रे घ्या असे मी म्हणणार नाही. किंमत साध्या ब्लूटूथ स्कॅनरच्या कित्येक पट आहे. तुमचा चित्र टिपणारा स्कॅनर एसपीपी पद्धतीत चालतो का ते पाहा. त्यात तो कीबोर्ड न राहता ॲपशी सरळ बाइट्समध्ये बोलतो. विभाजक जसाच्या तसा येतो, पडद्यावरचा कीबोर्ड शाबूत राहतो आणि काही मॉडेलांना ॲपकडून ‘आता वाज’ असा आदेशही देता येतो. त्याची किंमत अशी, की स्कॅनर झोपून उठला की पुन्हा जोडून घेण्याचे काम आता तुमचे. एचआयडीत ते फोन आपणहून करतो. उद्या आयफोनवर जायचे असेल तर एसपीपीसाठी ॲपलच्या एमएफआय मान्यतेचा स्कॅनर लागेल, नाहीतर बीएलईवर, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर, चालणारा.

अबोली

आणखी एक. शिपरवरचा, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोक्यावरचा, क्रमांक आणि आतल्या डब्यावरचा क्रमांक वेगळा असतो. कोणी पहिला अंक काढून टाकून जुळवायला जाते, आणि जुळत नाही.

नीलमोहर

बरोबर. शिपरच्या १४ अंकी क्रमांकाच्या सुरुवातीला बांधणीचा अंक येतो आणि त्यामुळे तपास-अंकही बदलतो. ८९०१२३४५६७८९० चा शिपर १ पासून सुरू झाला तर तो १८९०१२३४५६७८९७ होईल. शेवटचे शून्य जाऊन ७ येते.

पंचगंगा

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे.

विलंब वाढवल्यापासून आकडा गळलेला नाही. लेसरचा स्कॅनर बिलाच्या टेबलावर दिला आहे. चित्र टिपणाऱ्यात एसपीपी निघाले आणि आवाजाचा आदेशही तो पाळतो. त्याचा स्वतःचा आवाज बंद केला. आता नोंद एसक्यूलाइटमध्ये गेल्यावरच ॲप त्याला वाजवते. पुन्हा जोडणीचे काम सोपे नव्हते, आणि अजूनही कधीकधी चार-पाच सेकंद लागतात. तेवढा वेळ पडदा पूर्ण लाल राहतो. लागणारे सेटिंगचे बारकोड एका कागदावर छापून, प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावले आहेत; प्रत्येकाखाली तो काय करतो ते मराठीत लिहिले आहे. मूळ स्थितीत आणणारा बारकोड मात्र त्या कागदावर ठेवला नाही.

एक गोष्ट अडली आहे. मुले म्हणतात, ट्रिगर दाबल्यापासून आवाज येईपर्यंत आता किंचित उशीर होतो आणि हात अडतो.

गोदाकाठ

तो उशीर राहू द्या. काय बदलले आणि का, ते मुलांना समोर बसवून सांगा. एक खोके मुद्दाम अनोळखी बारकोडचे ठेवा आणि खरखरीत आवाज प्रत्येकाला स्वतःच्या हाताने काढून ऐकू द्या. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हेच. मार्चअखेरच्या मोजणीला मी कोल्हापुरात लेकीकडे असेन. मालकांची हरकत नसेल तर एक दिवस गोडाऊनमध्ये येऊन तुमच्या मुलांबरोबर खोकी मोजीन.